होडीवरचा दुसरा सिलिंडर

वडाची वस्ती, ता. फुलंब्री
९ जानेवारी २०२५

सगीराबाईंना कारभारी गव्हाडेचा नमस्कार.

उस्मानपुऱ्यातल्या तुमच्या दुकानाचा पत्ता मला परवान्याच्या ऑफिसातल्या शिपायानं दिला. फोन नंबरही दिला होता, पण मला फोनवर ऐकू येत नाय. पाटबंधारे खात्यात एकोणतीस वर्षं लाँच चालवली, इंजिनाशेजारी बसून दोन्ही कान गेले. समोरचा ओरडून बोलला तर निम्मं कळतं. म्हणून पत्र. उत्तर पण पत्रानंच द्या, सावकाश वाचता येतं.

निवृत्त झाल्यावर एका बंद पडलेल्या बोट क्लबची जुनी होडी घेतली. अठरा फुटी, फायबरची. पेट्रोलचं इंजिन मागं लाकडी पेटीत बसवलेलं. धंदा करायचा नाय. रविवारी घरची माणसं घेऊन तळ्यात चक्कर मारायची, मधोमध थांबून चहा करायचा, एवढंच. मुलगा कृष्णा वाळूजला कंपनीत आहे. त्याला पाण्याची धास्ती, तो काठावरूनच हात हलवतो. सून अपेक्षा मात्र लई तरबेज. तिला मी शिकवली, आता माझ्यापेक्षा सरळ काठाला लावते. नात श्रेया सहा वर्षांची, ती पुढं बसते.

आता अडचण अशी, की परवान्याला आग विझवायचा सिलिंडर लागतो. साहेब म्हणाले, "योग्य प्रकारचा लावा." योग्य म्हंजी कोणता, ते म्हणाले नाय. शहरात तीन दुकानं फिरलो. एक म्हणाला, गॅसवाला घ्या, पावडरनं घाण होती. दुसरा म्हणाला, फेसवाला. तिसरा हसला आणि म्हणाला, "काका, चारी बाजूंनी पाणी, तुम्हाला सिलिंडर कशाला?" मला तेच जास्त पटलं. आमच्या लाँचवर वाळूची एक बादली होती आणि तिच्यात लोक पान खाऊन थुंकायचे. एकोणतीस वर्षांत आग काय लागली नाय.

तरी पण काय घ्यावं, किती घ्यावं, कुठं लावावं, ते लिहा. माझं डोकं चालेना.

कारभारी गव्हाडे

---

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१४ जानेवारी २०२५

कारभारीकाकांना सगीराचा आदाब.

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. दुकानात येणारे लोक "एक लाल सिलिंडर द्या" म्हणतात, भिंतीला लावतात आणि विसरतात. विचारत कुणी नाही. हे दुकान माझे मिस्टर रिझवान यांचं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मी बघते. माझं माहेर देवगाव रंगारीचं, तिथल्या झेडपीच्या शाळेत मराठीतूनच शिकले, त्यामुळं पत्राला अडचण नाही.

आधी पाण्याचं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर आग पाण्यावर बसून सगळ्या होडीभर फिरते. तो दुकानदार हसला, पण हसण्यासारखं काही नाही.

गॅसवाला बंद खोलीत चांगला. उघड्या तळ्यावर वारा त्याचा गॅस उडवून नेतो. तुम्हाला एबीसी पावडरचा घ्यावा लागेल, कारण तुमच्याकडं पेट्रोल आहे, बॅटरी आहे, लाकूड आहे. दोन-दोन किलोचे दोन घ्या. एक सुकाणूच्या चाकाजवळ, हात पोचेल असा. दुसरा पुढं, जिथं श्रेया बसते तिकडं. इंजिनाच्या पेटीत किंवा पेटीवर अजिबात नको. आग तिथंच लागणार, मग तुम्ही सिलिंडर आगीतून काढणार का?

पेटीच्या झाकणाला दोन बोटं जातील एवढं भोक पाडा आणि रबरी बूच बसवा. धूर दिसला तर इंजिन बंद, पेट्रोलचा कॉक बंद, बूच काढून भोकातून पावडर मारायची. झाकण उघडायचं नाही. उघडलं की आगीला हवा मिळते. सिलिंडर आठ-दहा सेकंदच चालतो, हे लक्षात ठेवा.

दर महिन्याला बघायचं: काटा हिरव्यात आहे का, पिवळं सील शाबूत आहे का, नळीत कोळ्यानं घर केलंय का. हादऱ्यानं पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून सिलिंडर उलटा-सुलटा करून हलवायचा. बघितलं की सिलिंडरला बांधलेल्या कार्डावर सही. आणि एकदा जरासाही वापरला तरी पुन्हा भरून घ्यायचा, आतलं प्रेशर हळूहळू निघून जातं.

चहाची शेगडी होडीवरून उतरवाल तर मोठी मेहेरबानी होईल.

सगीरा

---

वडाची वस्ती
२४ मार्च २०२५

सगीराबाई,

तुमचे दोन्ही सिलिंडर फेब्रुवारीत लावले. परवाना मिळाला. शेगडी उतरवली, आता थर्मास नेतो. झाकणाचं भोक राहिलंय, सुताराला सवड नाय.

पण काल महिन्याची तपासणी करायला गेलो आणि चक्रावलो. पुढच्या सिलिंडरचा काटा लालात. नवा भरलेला माल दीड महिन्यात रिकामा कसा? पिन जागेवर. सील पण जागेवर. वर आणखी एक कोडं. इंजिनाची पेटी उघडली तर आत कोपऱ्याकोपऱ्यात पांढरं पीठ. बोटाला लागलं तर चिकट, खारट वासाचं. सिलिंडर पुढं टांगलेला, पावडर मागच्या पेटीत. मधी अकरा-बारा फुटांचं अंतर. उडून गेली म्हणावी तर मधल्या फळ्या स्वच्छ.

अपेक्षाला विचारलं. ती म्हणाली, "मामंजी, दशम्यांचं पीठ सांडलं असंल." आता होडीवर पीठ मळायला कोण बसतं? पुन्हा विचारलं तर ती स्वयंपाकघरात गेली. मला वाटतं तिला पण समजत नसावं.

तुमचा माल सदोष आहे का? राग मानू नका, पण मला दुसरं काय सुचत नाय.

कारभारी

---

उस्मानपुरा
२७ मार्च २०२५

कारभारीकाका,

माल सदोष असू शकतो, मी नाही म्हणणार नाही. व्हॉल्व्हमध्ये पावडरचा कण अडकला तर प्रेशर गळतं. पण प्रेशर गळतं तेव्हा हवा जाते, पावडर आतच राहते. ती अकरा फूट चालत पेटीत कशी जाईल, ते मलाही उमगत नाही.

एक बघाल? सील कसलं आहे? माझं सील पिवळ्या प्लास्टिकचं असतं आणि त्यावर आकडा असतो.

तो सिलिंडर फुलंब्रीच्या जीपवाल्याबरोबर पाठवून द्या. तोवर होडी पाण्यात नेऊ नका. पेटीतली पावडर ओल्या फडक्यानं नीट पुसा. ती तशीच राहिली तर लोखंड खाते, तारांचे जोड खाते.

सगीरा

---

वडाची वस्ती
२ एप्रिल २०२५

सगीराबाई,

सील बघितलं. पिवळं नाय. तांब्याची बारीक तार पिळून बसवलीय, वर पिवळा ऑइलपेंट. नीट बघितल्याशिवाय कळणार नाय इतकं सुबक काम.

म्हंजी तुमचं म्हणणं काय? घरात आम्ही चौघं. कृष्णा होडीकडं फिरकत नाय. श्रेया सहा वर्षांची. माझी मला खात्री. मग राहिलं कोण? असं पत्रातून माणसाच्या डोक्यात भरवू नये. मी दोन दिवस नीट जेवलो नाय. जेवताना सुनेच्या हाताकडं बघतो आणि माझीच मला लाज वाटते.

सिलिंडर पाठवतोय. खोक्यात अपेक्षानं गोणपाट घालून नीट बांधून दिलंय. शनिवारी, १२ तारखेला, तिच्या माहेरचे सात जण होडीत बसायला येणार आहेत. त्याआधी भरून द्या. तुमची चूक असली तर तसं लिहा, मी मनात काय ठेवणार नाय.

कारभारी

---

(याच खोक्यात, गोणपाटाखाली)

सगीरा मॅडम,

मी कारभारी गव्हाडे यांची सून अपेक्षा. तुमचा नंबर दोनदा लावला आणि तुमचा आवाज ऐकून कट केला. बोलले असते तर रडू आलं असतं, म्हणून लिहिते.

सिलिंडर मी वापरला. १६ मार्चला, रविवारी. मामंजी लग्नाला गेले होते. श्रेयाला घेऊन मी एकटीच होडी काढली. तळ्याच्या मध्यावर इंजिनाच्या पेटीतून धूर यायला लागला. तुमचं पत्र मी तीनदा वाचलेलं होतं. झाकण उघडायचं नाही हे पाठ होतं. पण भोक पाडलेलं नव्हतं, मग काय करायचं? जवळचा सिलिंडर पेटीला इतका लागून होता, की तिकडं हात घालायची हिंमत झाली नाही. पुढं पळाले, श्रेयाच्या पायाजवळचा काढला. झाकण चार बोटं उचललं. आत जाळ होता. माझ्या मनगटावरचे केस जळाले. दाबलं आणि सगळं पांढरं झालं. किती सेकंद गेले, माहीत नाही. नंतर श्रेया म्हणाली, "आई, संपलं," तेव्हा मी अजून दाबूनच धरलं होतं.

वल्हं मारत दीड तासानं काठाला आलो. श्रेयाला म्हटलं, हे आपलं दोघींचं गुपित. मधल्या फळ्या धुतल्या. पिन परत घातली, तुटलेल्या सीलच्या जागी तार पिळून पिवळी रंगवली. पेटी पुसली, पण वाटतं नीट पुसली नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू झालं. मी देवाचे आभार मानले.

चूक माझीच आहे. पेट्रोल भरल्यावर पेटीचा पंखा पाच मिनिटं चालवायचा असतो, मामंजींनी शंभरदा सांगितलंय. त्या दिवशी चालवला की नाही, हे मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं. कधी वाटतं चालवला, कधी वाटतं नाही.

मामंजींना कळलं तर ते होडी विकतील. कृष्णा तर दुसऱ्याच दिवशी विकायला लावतील. लग्नानंतर या घरात मला कुणी काही शिकवलं असेल तर ते मामंजींनी, ही होडी. तुमच्या मालाचं नाव माझ्यामुळं खराब होतंय, हे कळतं मला. तरी हात जोडून सांगते, व्हॉल्व्ह खराब होता असं लिहा.

अपेक्षा

---

उस्मानपुरा
७ एप्रिल २०२५

अपेक्षा बेटा,

तुझं पत्र चार दिवस माझ्याकडं आहे. तीन वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात तुझ्या म्हणण्याप्रमाणं व्हॉल्व्हवर ढकललं होतं. दुसऱ्यात तुझ्या मामंजींना सगळं कळवलं होतं. आपण कुणाच्या घरात किती शिरावं, हे मला अजूनही उमगत नाही.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. पंखा चालवला नाही म्हणून साठलेली वाफ पेटते ती सुरू करताना, भडका उडून. तुझी होडी मध्यावर जाईपर्यंत चांगली चालली आणि मग धूर आला. म्हणजे चालू इंजिनावर पेट्रोल कुठून तरी ठिबकत होतं. ते कुठून, हे कुणी बघितलं? तू पुसलंस, ती पावडर होती. ठिबकणं तसंच असेल. शनिवारी सात माणसं बसणार आहेत.

इंजिन चालू करू नकोस. पेट्रोलचा पाइप टाकीपासून इंजिनापर्यंत हातानं चाचपून बघ. मामंजींना तू स्वतः सांग. शुक्रवारपर्यंत तुझा निरोप आला नाही, तर मी दुकान बंद करून तिकडं येईन आणि सांगेन. तुला विश्वासघात वाटेल. वाटू दे.

आणि हेही ऐक. एकटीनं, लेकरू शेजारी असताना, आगीपुढं उभं राहून तू ती विझवलीस. माझ्या दुकानातून हजारो सिलिंडर गेले असतील. वापरून दाखवणारं माणूस मला क्वचितच भेटलं.

भरलेला सिलिंडर सोबत आहे. सील पिवळं आहे.

सगीराआपा

---

वडाची वस्ती
१६ एप्रिल २०२५

सगीराबाई,

खोकं जीपवाल्यानं माझ्या हातात दिलं. मीच उघडलं. पत्रावर अपेक्षाचं नाव होतं, ते मी दुसऱ्या ओळीनंतर बघितलं. मग थांबता येईना.

पहिल्यांदा काय कळलंच नाय. आग कुठली, पंखा कुठला? पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा 'पेट्रोलचा पाइप' या शब्दांवर आलो आणि तिथंच पायरीवर बसलो.

तो पाइप मी बदलला होता. फेब्रुवारीत. जुना चिरला होता. शहरात जायचा कंटाळा केला आणि घरात फवारणीच्या पंपाचा पारदर्शक पाइप पडलेला, तोच कापून बसवला. चार दिवसांपुरता म्हणून. मला माहीत होतं, बाई. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत असं करणाऱ्या माणसाला मी लाँचवरून खाली उतरवलं असतं. मग चार दिवसांचे आठ झाले आणि मी विसरलो.

तसाच तळ्यावर गेलो. पाइप धरला तर वाळल्या शेंगेसारखा कडक, आणि जोडाशी मोडला. थोडं पेट्रोल माझ्या हातावर आलं.

त्यानंतर मी जे केलं, ते लिहायला जड जातं. मी काय बोललो नाय. दोन दिवस. वारा लई आहे म्हणून शनिवारचा बेत मोडला, आणि तुम्ही निघू नये म्हणून जीपवाल्याकडं 'होडी बंद आहे' एवढा निरोप दिला. अपेक्षा भाकरी वाढायची आणि मी ताटाकडं बघायचो. ती घाबरलेली दिसायची. तिला वाटत असणार, म्हाताऱ्याला काहीतरी कळलं. आणि मला वाटायचं, हिला कळलं तर? एका घरात दोघं एकमेकांना भिऊन.

रविवारी सकाळी तिला तळ्यावर नेलं. श्रेया मागं लागली, तीही आली. मी म्हणालो, "आग तू लावली नाय. मी लावली."

ती काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाय. मी कान पुढं केला. ती ओरडली, "टोमणा मारताय का मामंजी? सरळ शिव्या द्या!"

"टोमणा नाय पोरी."

"मग काय? पंखा मी नाही लावला!"

"पंखा गेला खड्ड्यात," मी म्हणालो आणि तो मोडका पाइप तिच्या हातात ठेवला. तिनं उलटा-सुलटा केला. तिला ओळखू येईना. मग वास घेतला. मग फवारणीच्या पंपाच्या पाइपावर असती ती निळी रेघ दिसली. तिनं त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"हा घरातला?" ती म्हणाली. हे मी ओठांवरून वाचलं.

"व्हय."

मला वाटलं, ती रडेल. ती चिडली. लग्न होऊन आठ वर्षं झाली, तिचा राग मी कधी बघितला नव्हता. म्हणाली, महिनाभर मी रात्री झोपले नाही, लेकराला खोटं बोलायला शिकवलं, त्या बिचाऱ्या बाईच्या मालावर आळ आणला, आणि तुम्हाला पाइप आठवला नाही? सगळं ऐकू आलं मला. एक शब्द हुकला नाय.

घरी येऊन कृष्णाला दोघांनी सांगितलं. तो कुणाशीच बोलत नाय. परवा एवढंच म्हणाला, "माझी मुलगी होती त्याच्यात."

तुमच्या मालाला बोल लावला, त्याची माफी मागतो. होडीचं काय करावं, कळत नाय.

कारभारी

---

उस्मानपुरा
२१ एप्रिल २०२५

कारभारीकाका,

माफी मलाही मागायची आहे. खोकं कोण उघडेल, याचा विचार न करता मी त्यात चिठ्ठी टाकली. तिची गोष्ट तिच्या तोंडून तुम्हाला कळायला हवी होती. आणि तिचं पत्र मिळाल्यावर मी चार दिवस घोळ घातला. त्या चार दिवसांत कुणी होडी काढली असती तर? मी खोटं लिहायला तयार नव्हते, पण खरंही वेळेवर सांगितलं नाही.

होडी ठेवायची की विकायची, ते तुम्ही तिघांनी ठरवा. ठेवलीत तर पेट्रोलसाठीचा रबरी पाइप घ्या, दोन्ही टोकांना क्लिप लावा, दर वर्षी बदला. झाकणाचं भोक सुतारावर सोडू नका. आणि चाकाजवळचा सिलिंडर पेटीपासून लांब सरकवा. अपेक्षाला तो घेता आला नाही. मीच तुम्हाला 'हात पोचेल असा' एवढंच लिहिलं होतं. आगीच्या वेळी हात पोचेल का, हे मी विचारायला हवं होतं.

सगीरा

---

वडाची वस्ती
२८ मे २०२५

सगीराआपा,

मामंजी म्हणाले, या वेळी पत्र तू लिही.

कृष्णा सतरा दिवस धड बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी कंपनीतून आले ते सरळ तळ्यावर गेले. मामंजी तिथं झाकणाला भोक पाडत होते. कृष्णा नुसते बघत उभे. नंतर मला म्हणाले, "मला सगळं दाखव." मी दाखवलं. कॉक कुठं, काटा कसा बघायचा, पिन कशी ओढायची. त्यांनी सिलिंडर स्वतः उलटा करून हलवला. विकायचं काही बोलले नाहीत. ठेवायचंही बोलले नाहीत. त्यांचं काय चाललंय, मला कळत नव्हतं. अजूनही पुरतं कळत नाही.

गेल्या रविवारी होडी पुन्हा काढली. माझ्या माहेरचे लोक आले होते. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली. आणि सगळ्यांच्या शेवटी, कुणी म्हटलं नसताना, कृष्णा येऊन बसले. दोन्ही हातांनी फळी धरून.

मी पंखा चालवला. घड्याळ बघून पाच मिनिटं. मग किल्लीला हात घातला आणि मला पेट्रोलचा वास आला. अगदी थोडा. पाइप नवा होता, क्लिपा मीच आवळल्या होत्या. वाटलं, भास असेल. सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या काकांनी हाक मारली, "चल की गं, ऊन चढतंय!"

मी म्हटलं, "सगळे उतरा."

कुणी हललं नाही. माझे भाऊ हसायला लागले. मी मामंजींकडं बघितलं. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला समजेना. पुन्हा म्हणणार, तेवढ्यात ते उठले. सगळ्यांत आधी काठावर उतरले आणि मागं वळून बाकीच्यांना हात दिला.

अर्धा तास मी आणि मामंजी पेटीत डोकं घालून होतो. काही सापडलं नाही. एक थेंब नाही. शेवटी श्रेया म्हणाली, "बाबांच्या हाताला वास येतोय." कृष्णांनी सकाळी मोटरसायकलच्या टाकीतून डबा भरून आणला होता आणि हात नीट धुतला नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या पाहुण्यांसमोर, नसलेल्या गोष्टीसाठी. मी मामंजींना म्हटलं, "चुकलं माझं, काहीच नव्हतं."

मामंजींनी पेटीचं झाकण लावलं, भोकात बूच दाबलं आणि म्हणाले, "पुन्हा वास आला तर पुन्हा उतरव."

कृष्णा काठावर साबणानं हात धूत होते. धुऊन झाल्यावर परत होडीत येऊन बसले.

अपेक्षा